वीस पावलांवरून

फोंड्याच्या तिस्कावर आमचं दुकान.
खाली टायरवाला, वर आम्ही : फ्लेक्स, स्टिकर, लग्नपत्रिका.
दुपारी शटर अर्धं ओढून डबा उघडला
तेवढ्यात कुष्टाबाब वाकून आत आले, सावईवेऱ्याचे,
चपला बाहेर काढून, देवळात काढतात तशा.

मोबाइल पुढे केला. भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला फोटो :
भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो, काचेवर ट्यूबलाइटची रेघ,
आत एकोणऐंशीच्या जत्रेतल्या नाटकाची राणी.
"व्हड कर गो बाये. सहा बाय आठ. देवळासमोर लावपाचो."
"कोण या?"
"हांव,"
आणि पांढऱ्या मिशीवरून बोट फिरवलं.

फाइल उघडली. चारशेऐंशी बाय सहाशेचाळीस.
"मूळ फोटो आणा, नीट स्कॅन करते."
"काचेक चिकटला. काडलो जाल्यार तोंड काचेरच उरतलें."

मग मी सांगू लागले, डबा तसाच ठेवून.
या चौकटीतले बहात्तर पुसून तीनशे लिहिता येतात,
कुणीही लिहील,
पण ठिपके तेवढेच.
तीनशेने छापली तर तुमची राणी काडेपेटीएवढी,
रेखीव, खिशात मावणारी.
सहा फुटांवर ताणली
तर इंचाला जेमतेम साडेसहा ठिपके पडतात वाट्याला,
एकेक ठिपका मुगाएवढा.

"मागीर नवे घाल."
घालतं हो हे यंत्र.
शेजारच्या दोघांची सरासरी काढून मधे तिसरा बसवतं.
पेजेत पाणी ओतलं की चार पाहुणे जास्त जेवतात,
शितं काही वाढत नाहीत.

"शितां कितलीं?"
तीन लाख सात हजार दोनशे.
"जाय तितलीं जालीं," ते म्हणाले,
"नाटकाक पांचशेंच मनीस आसले."

मी चेहरा जवळ ओढला. बाराशे टक्के.
तिथे डोळा नव्हताच.
सहा चौकोन : दोन काळे, तीन राखी,
एक ना धड काळा ना राखी.
आणि कपाळावर एकटाच, पांढराफटक.
ट्यूबचा शिंतोडा असणार.
मी शेजारचा करडा उचलला, ब्रश टेकवणार,

"राव!"

त्यांचं बोट पडद्यावर.
"टिकली ती. बेगडाची.
इझाबेलबायने नाताळच्या नक्षत्रातून कापून दिलेली,
आमची पेटीतून हरवली म्हणून, तिसऱ्या घंटेला.
पेट्रोमॅक्स डावीकडे होता."
मग बोट खाली सरकलं, चौकोनाचौकोनावरून :
हे काजळ. हेही.
हा घाम, काजळ घेऊन उतरलेला.
"आणि हा?"
बराच वेळ पाहिलं त्यांनी.
"तो मी नाही. मागचा पडदा असेल."

ब्रश ठेवला. ट्यूबची रेघ तेवढी खोडली, खांद्यावरची.
एक्सपोर्टच्या खिडकीत जेपीजी नको म्हटलं,
आधीच एकदा पिळून आलेली बाई.
टिफ. नाव : राणी_शेवटची_दोन.
बिलावर लिहिलं अठ्ठेचाळीस चौरस फूट.
"वीस पावलांवरून बघा हं,
जवळ जाऊ नका, जवळ नुसते मूग."
त्यांनी मान हलवली, चपला घातल्या,
जिना उतरताना पावलं मोजत गेले बहुधा, मोठ्याने.

जत्रेच्या रात्री पोफळीच्या दोन खांबांमधे ती ताणलेली.
मी मोजून मागे सरले, खाज्याच्या दुकानापर्यंत.
सतरा, अठरा.
विसाव्याला चौकोन एकमेकांत मिटले
आणि मान किंचित तिरकी करून कोणी बाई
माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठे तरी बघू लागली.

कुष्टाबाब मात्र बॅनरपासून हातभर,
नाक जवळजवळ लावून,
खांद्यावर कुणाचं तरी पोर.
पोर नखाने तो पांढरा चौकोन
खरवडून बघत होतं
निघतो का.